‘लोटस फीट’ तीन वेळा: एका गिटारवाल्याची पन्नास वर्षं, स्टेजवरची

मागच्या एपिसोडनंतर दोघा-तिघांचे मेसेज आले, की बोलताना मागे सारखा खट-खट-खट असा आवाज येतो, माइक बदल. माइक ठीक आहे हो. मी भिवंडीत राहतो आणि आमच्या मागच्या गल्लीत लूमचा कारखाना आहे. रात्री अकराला रेकॉर्डिंगला बसलो तरी तो आवाज येणारच. खिडकी लावून, वर चादर टांगून जेवढं होतं तेवढं करतो. आज मात्र तो आवाज राहू दिलाय, पुढे कामाला येणार आहे.

आजचा विषय आहे जॉन मॅकलॉफ्लिन. इंग्लंडच्या यॉर्कशरमधला गिटारिस्ट, जन्म १९४२. कोणी याला जाझवाला म्हणतं, कोणी फ्यूजनवाला, प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे त्याला आपला म्हणतात. त्या वादात मी पडत नाही. मला आज त्याच्या फक्त लाइव्ह रेकॉर्डिंगबद्दल बोलायचंय. १९७३ पासून २०२३ पर्यंत हा माणूस स्टेजवर वाजवताना रेकॉर्ड होत आलाय. ती रेकॉर्डिंग ओळीने ऐकली की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. दर दहा-बारा वर्षांनी त्याच्या शेजारी मुंबईचं कोणीतरी बसलेलं असतं. आणि शेजारचा माणूस बदलला की याची गिटारही बदलते.

क्लिप इथे लावता येत नाहीत, कॉपीराइटमुळे एपिसोडच उडेल. त्यामुळे नावं सांगतो, तुम्ही तुमच्या ॲपवर शोधा. इयरफोन लावून ऐका. आवाज किती ठेवायचा त्यावर पुढे बोलतो.

सुरुवात १९७३. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, ऑगस्ट महिना. बँडचं नाव महाविष्णू ऑर्केस्ट्रा. हो, महाविष्णूच. मॅकलॉफ्लिन तेव्हा श्री चिन्मय यांचा शिष्य होता आणि ते नाव गुरूंनी दिलेलं. हातात दोन मानांची गिटार, ड्रमवर बिली कोबम, आणि सगळं सुसाट. या कॉन्सर्टची रेकॉर्ड ‘बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी’ नावाने आली. ती लाइव्ह का आली, माहितीये? त्याच उन्हाळ्यात बँडने ही गाणी लंडनच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली होती, पण तोपर्यंत बँडमध्येच बिनसलं होतं. स्टुडिओची टेप बाजूला पडली, ती बाहेर आली थेट १९९९ साली. म्हणजे स्टुडिओत जमलं नाही म्हणून स्टेजवरचं छापलं. ऐकलंत तर जाणवेल, पाचही जण एकमेकांच्या पुढे पळतायत. भारी वाजवतायत, पण एकमेकांसाठी थांबत कोणी नाही. वर्ष संपेपर्यंत तो बँडही संपला.

आता इथून दोन वर्षं पुढे या.

५ जुलै १९७५, लाँग आयलंडवरचं साउथ हॅम्प्टन कॉलेज. तोच माणूस, पण दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार गेली, मोठमोठे ॲम्प्लिफायर गेले. अकूस्टिक गिटार घेऊन तो मांडी घालून खाली बसलाय. शेजारी एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर, रामनाड राघवन मृदंगमवर. आणि तबल्यावर माहीमचा चोवीस वर्षांचा पोरगा, झाकीर हुसेन. बँडचं नाव शक्ती.

विचार करा, या बँडचा पहिलाच अल्बम लाइव्ह आहे. तीनच तुकडे. ‘जॉय’ अठरा मिनिटांचा. ‘लोटस फीट’ पाच मिनिटांच्या आतला. आणि तिसरा जवळजवळ अर्ध्या तासाचा, त्याचं नाव इतकं लांब आहे की मोबाइलच्या स्क्रीनवर मावत नाही.

‘जॉय’ मी पहिल्यांदा ऐकलं ते थर्ड इयरला, डाउनलोड केलेल्या फाइलवर. रूममेट म्हणाला, स्पीड वाढवलाय का तू? नव्हता वाढवला. गिटार आणि व्हायोलिन एकच ओळ एकत्र वाजवत पळतात, आणि मग सवाल-जवाब सुरू होतो. एक लांब वाक्य, दुसऱ्याचं तेवढंच उत्तर, मग अर्धं, मग पाव, मग एकेक स्वर, आणि शेवटी सगळे एकत्र येऊन धाडकन समेवर. आपल्याकडच्या मैफिलीत हे ऐकलेल्याला नवीन नाही. पण गिटारवर? तेही जन्मापासून पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या माणसाकडून?

त्यासाठी त्याने गिटारच बदलून घेतली होती. हा भाग मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. मॅकलॉफ्लिन अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. वीणेवर तार दाबून, ओढून स्वर वाकवता येतो. साध्या गिटारवर तेवढा वाकत नाही, बोट लाकडाला टेकतं. मग अब्राहम वेक्टर नावाच्या कारागिराने त्याला गिब्सनमधून एक खास गिटार करून दिली. दोन पट्ट्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरून काढलं, म्हणजे बोटाला खाली जायला जागा मिळाली आणि मींड निघायला लागली. शिवाय मुख्य तारांखालून तिरक्या सात जास्तीच्या तारा टाकल्या, तंबोऱ्यासारखा सूर धरायला. म्हणजे सॉफ्टवेअर चालेना म्हणून या माणसाने हार्डवेअर बदललं. आम्ही ऑफिसात बरोबर उलटं करतो.

आणि लय. दाक्षिणात्य तालवादनात तोंडाने बोल म्हणायची पद्धत आहे, कोन्नकोल. मला ती समजली शाळेतल्या लसाविमुळे. पाचाची एक ओळ आणि सातची एक ओळ एकदम सुरू केली, तर दोघी पुन्हा एकत्र कधी येणार? पस्तिसाव्या मात्रेनंतर. मधल्या वेळात ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं, भरकटले. वाजवणाऱ्याला माहीत असतं, किती राहिलेत. सगळी गंमत त्या मधल्या वेळेत आहे.

हे मला लसाविमुळे समजलं असं म्हणतो खरं, पण आमच्या पप्पांना ते न शिकवता कळलं. तीस वर्षं ते लूमवर होते, आधी कारागीर, मग जॉबर. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. धोट्याचा साधा लूम मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. शेजारी-शेजारी दोन लूम असले की त्यांचा वेग कधीच अगदी सारखा नसतो. थोडा वेळ दोघांचा ठोका एकत्र पडतो, मग हळूहळू सरकतो, मग मध्ये-मध्ये पडतो, मग पुन्हा जुळतो. पप्पा चाळीस लूमच्या शेडमध्ये दारात उभे राहून सांगायचे, तिसऱ्या लाइनीतला पाचवा बघा रे. आवाजावरून. मी लहानपणी तिथे डबा द्यायला जायचो तर कानात बोटं घालून जायचो.

तीस वर्षं त्या शेडमध्ये राहिल्यावर कानांचं काय होतं ते सांगतो. आधी बारीक, उंच आवाज जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. माणसाला ऐकू येत असतं, पण ‘स’ आणि ‘श’, ‘क’ आणि ‘त’ यातला फरक जातो. घरचे म्हणतात, लक्ष देत नाहीत. लक्ष असतं, अक्षरं पोहोचत नाहीत. मघाशी इयरफोनच्या आवाजाचं म्हणालो ते यासाठीच. रस्त्यावर, रिक्षात, बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण तासन्‌तास फुल आवाज ठेवतो ना, तेव्हा आपणही शेडमध्येच उभे असतो. आपल्याला पगार मिळत नाही एवढंच.

तर एका रविवारी मी पप्पांच्या कानाला माझे मोठे हेडफोन लावले आणि १९७५ चं ‘जॉय’ सुरू केलं. वाटलं होतं, दोन मिनिटांत काढून ठेवतील. डोळे मिटून बसले. मग मोठ्याने म्हणाले, हेडफोन लावल्यावर सगळेच मोठ्याने बोलतात,

“हा माठ वाजवतोय का रे?”

“हो पप्पा, घटम म्हणतात त्याला.”

“माठच आहे. मस्त वाजवतोय.”

गिटारचे ते बारीक, भराभर स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचले की नाही, मी विचारलं नाही. घटमचा घुमारा आणि तबल्याचा डग्गा पोहोचला. अठरा मिनिटं पूर्ण ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात शक्तीचं नाव ‘माठवाले’.

बरं, पुढे जाऊ. पहिली शक्ती सत्तरच्या दशकाअखेरीस थांबली. मग ऐंशीचं साल, डिसेंबर ५, सॅन फ्रान्सिस्कोचं वॉरफील्ड थिएटर, तीन अकूस्टिक गिटारी: मॅकलॉफ्लिन, अल दि मेओला आणि स्पेनचा पाको दे लुसिया. ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’. ही बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून थांबत नाही. दोन गोष्टी फक्त. या ‘लाइव्ह’ अल्बममधला शेवटचा तुकडा खरं तर स्टुडिओतला आहे. आणि दुसऱ्या दिवशीची, शनिवारची टेप ४२ वर्षं पडून होती, २०२२ मध्ये बाहेर आली. शनिवारची मला जास्त आवडते, पण ते माझं मत.

नोव्हेंबर १९८९, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. आता शेजारी त्रिलोक गुर्टू. हा मुंबईत वाढलेला, आणि याची आई कोण? शोभा गुर्टू. ठुमरीच्या शोभाताई, माहेरच्या बेळगावच्या, शिरोडकर. त्रिलोक ड्रम वाजवतो, पण स्टुलावर बसून नाही. खाली गुडघे टेकून बसतो, एका हाताशी तबला, समोर झांजा, आणि बाजूला पाण्याची बादली. हो, बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. पुन्हा तेच बघा, स्वर वाकवायचा, जे मिळेल ते वापरून. बेसवर काई एकहार्ट आहे. तिघंच आहेत, त्यामुळे मोकळी जागा खूप, आणि मॅकलॉफ्लिन इथे जितका कमी वाजवतो तितका आधी कुठेच वाजवत नाही. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या लाइव्ह रेकॉर्डमध्ये सगळ्यात कमी ऐकली गेलेली आणि सगळ्यात शांत रेकॉर्ड हीच.

मग १९९७. शक्ती पुन्हा जमली, ‘रिमेंबर शक्ती’ नावाने, इंग्लंडच्या दौऱ्यावर. एल. शंकर नाही, त्यांच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी. मॅकलॉफ्लिन आता इलेक्ट्रिक गिटारवर, पण आवाज मऊ, गोलसर. यात ‘मुक्ती’ नावाचा एक तुकडा तासाभराहून मोठा आहे. तो बस प्रवासात ऐकू नका. मी कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये सुरू केला होता, तर ऑफिस आलं आणि मुक्ती अर्धवट राहिली.

आता जे सांगायला इतका वेळ आलो ते. ‘लोटस फीट’. छोटी, संथ चाल आहे, गुणगुणता येईल अशी. याची लाइव्ह रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक लावा.

आधी १९७५ ची. गिटार आणि व्हायोलिन. तेहतीस वर्षांचा माणूस आहे, आधीच्या ‘जॉय’ची धाप अजून गेलेली नाही असं वाटतं. चाल सुंदर वाजवतो, पण वाजवून मोकळा होतो.

मग १९९७ ची. बासरी आली. बासरीला श्वास लागतो, आणि बासरीवाल्याने श्वास घेतला की गिटारवाल्यालाही थांबावंच लागतं. चाल तीच, पण मधे हवा खेळते. झाकीरभाई १९७५ ला जिथे भरून टाकत होते तिथे आता नुसता एक ठोका ठेवतात.

मग १९९९ च्या दौऱ्यातली, ‘द बिलिव्हर’ नावाच्या अल्बमवर. आता जोडीला यू. श्रीनिवास, इलेक्ट्रिक मँडोलिनवर. कर्नाटक संगीत मँडोलिनवर आणणारा माणूस, तेव्हा वय तिशीचं. इथे एक होतं. १९७५ मध्ये गिटार मोठी आणि बाकीचे सोबतीला होते. इथे मॅकलॉफ्लिन बाजूला सरकतो. श्रीनिवास बोलत असताना हा नुसता सूर धरून बसतो. पहिल्यांदा मला वाटलं, फाइल खराब आहे, गिटारचा चॅनेल गेला. नाही. तो ऐकत होता.

स्टुडिओतली व्हर्जन म्हणजे रिलीज, आणि लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे मधले सगळे कमिट, असं मी मित्रांना सांगतो. रिलीज बघून काय बनलं ते कळतं. कमिट बघून कळतं, कोणी कधी काय सोडून दिलं.

डिसेंबर २००० मध्ये हेच लोक मुंबईत वाजवतात. अल्बमचं नाव ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’, त्या जुन्या फ्रायडे नाइटला टाळी दिल्यासारखं. संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा येतात, तालाला तौफिक कुरेशी, शिवमणी येतात, आणि ‘गिरिराज सुधा’ गायला येतो चेंबूरचा शंकर महादेवन. याच्याबद्दल आपल्या लाइनीतल्या लोकांनी अभिमान बाळगायला हरकत नाही. नवी मुंबईच्या रामराव आदिक कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर, काही काळ सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि गाणं शिकला श्रीनिवास खळे यांच्याकडे. ‘कट्यार काळजात घुसली’ मधले पंडितजी तेच. ते पुढे शक्तीचे कायमचे गायक झाले. म्हणजे खळेकाकांचा शिष्य इंग्रज गिटारवाल्याच्या शेजारी बसून कर्नाटकी रचना गातोय, मुंबईच्या स्टेजवर. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, मग यात नवल काय, मुंबईच आहे ती.

यानंतर भराभर. २०१० नंतर त्याच्या ‘फोर्थ डायमेन्शन’ बँडच्या ड्रमवर रणजीत बारोट, पुन्हा मुंबईचाच, कथ्थकवाल्या सितारादेवींचा मुलगा. कोन्नकोलही करतो. ‘द बॉस्टन रेकॉर्ड’ ऐका. डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा तेच वॉरफील्ड थिएटर, ३७ वर्षांनी, आणि महाविष्णूची जुनी गाणी. तेव्हा त्याच्या हाताला संधिवाताचा त्रास होता, हा शेवटचा अमेरिका दौरा असं जाहीर केलं होतं. १९७३ ची धावाधाव आणि २०१७ ची, दोन्ही ऐकून बघा. पंच्याहत्तरीतला माणूस कुठे वेग कमी करतो ते शोधत होतो, मला फार जागा सापडल्या नाहीत.

श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, पंचेचाळीशीत. त्यानंतर शक्ती बराच काळ गप्प होती. मग कोविडच्या काळात, सगळे आपापल्या गावी, एकमेकांना फाइली पाठवून ‘धिस मोमेंट’ बनलं. फेब्रुवारी २०२४ ला त्याला ग्रॅमी मिळाला तेव्हा बातम्यांत बघितलं असेल तुम्ही. स्टुडिओ अल्बम आहे, चांगला आहे, पण फाइली पाठवून केलेला सवाल-जवाब हा व्हॉट्सॲपवरच्या भांडणासारखा असतो. उत्तर येतं, पण समोरच्याचा चेहरा नसतो.

जानेवारी २०२३ मध्ये शक्तीचा पन्नास वर्षांचा दौरा भारतात आला. मुंबईतही कार्यक्रम झाला. मॅकलॉफ्लिन ८१ वर्षांचा, झाकीरभाई ७१.

मी गेलो नाही.

त्या शनिवार-रविवारी आमचं एक रिलीज होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, खरं सांगायचं तर सुट्टी मागितली असती तर मिळालीही असती. तिकीट महाग वाटलं, रात्री परत भिवंडीला यायचं म्हणजे ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे काय मिळेल ते, पप्पांना न्यायचं म्हटलं तर त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न. मी ठरवलं, हे लोक येतच राहतात, पुढच्या वेळी. त्या रिलीजमध्ये काय होतं विचाराल तर एका रिपोर्टमधलं एक बटण डावीकडून उजवीकडे गेलं. नंतर ते परत डावीकडे आणलं.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेले. सकाळी फोनवर बातमी बघितली आणि पप्पांना सांगितलं. पप्पांना नाव लगेच लागलं नाही, मला मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. मग म्हणाले, “माठवाल्यांतला तो?” म्हटलं, हो, तबल्याचे. थोड्या वेळाने म्हणाले, “तू जाणार होतास ना त्यांच्या कार्यक्रमाला?”

त्या २०२३ च्या दौऱ्याचं रेकॉर्डिंग २०२५ मध्ये बाहेर आलंय, ‘माइंड एक्स्प्लोजन’ नावाने. मी आलं त्याच दिवशी डाउनलोड केलं आणि आठवडाभर उघडलं नाही. आता ऐकतो. ऐकताना टाळ्यांकडे जास्त लक्ष जातं. प्रत्येक लाइव्ह रेकॉर्डमध्ये त्या रात्री तिथे असलेली माणसं असतात, ओरडणारी, खोकणारी, चुकीच्या जागी टाळी देणारी. १९७५ च्या कॉलेजातली असतात, डिसेंबर २००० च्या मुंबईतली असतात. मी कशातच नाही.

असो. आज रात्री तुम्ही काय करा, ‘लोटस फीट’ तीन वेळा लावा, ७५, ९७, ९९, याच क्रमाने. आवाज निम्म्यावर. वीस मिनिटंही लागणार नाहीत. तुम्हाला काय ऐकू आलं ते कळवा, विशेषतः शेवटच्यात गिटार कुठे गप्प बसते ते.

आणि त्रिलोक गुर्टू ठाण्यात किंवा मुंबईत कुठे वाजवणार असल्याचं कुणाला कळलं तर मला लगेच मेसेज करा. रिलीज असलं तरी.

मागचा लूम आत्ता बंद झाला बघा. बीम संपला असेल. चला, भेटू.